अठराव्या शतकातले धातूचे शिपाई घरी ओतणं आणि रंगवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात हा छंद करणाऱ्याला ठरावीक प्रश्न चुकत नाहीत. विचारणारे कधी फाउंड्रीतले असतात, कधी गणपतीच्या मूर्ती करणारे, कधी पोरांचे आईवडील. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथं हात भाजतो किंवा इतिहास चुकतो, तिथं जास्त लिहिलंय.

अठरावं शतकच का? शिवकाल का नाही?

शिवकालाचेही करा की. पण अठराव्या शतकाची गंमत अशी की खेळण्यातला कथलाचा शिपाई त्याच शतकात बाजारात रुळला. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गमध्ये कारागीर स्लेटच्या दगडात आकृती उलटी कोरायचे आणि त्यात कथील ओतून चपटे शिपाई काढायचे. तिथल्या हिल्पर्ट घराण्याचं नाव यात सगळ्यात आधी घेतलं जातं. आतून पोकळ शिपाई फार नंतरचे. ते १८९३ मध्ये इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन कंपनीने काढले.

दुसरं कारण कपड्यांचं. युरोपातल्या राजांनी आपापल्या पलटणींना एकसारखे कपडे द्यायची पद्धत याच काळात पक्की केली, त्यामुळे रंगवणाऱ्याला काम भरपूर. आणि आपल्या बाजूनं पाहिलं तर १७०० मध्ये ताराबाईंनी हाती घेतलेली लढाई, १७३१ चा वारणेचा तह, १७६१ चं पानिपत, १७७९ चं वडगाव आणि १७९५ चं खर्डा, एवढं सगळं याच शंभर वर्षांत येतं.

सुरुवातीला कुठलं माप घ्यावं?

चाळीस मिलिमीटर. जुन्या खेळण्यांचं रूढ माप ५४ मिलिमीटर आहे आणि कपाटात तेच शोभतं, पण त्याला धातू फार लागतो. २८ मिलिमीटरवाले टेबलावर लढाई मांडणारे; त्यात बंदुकीची नळी काडीएवढी होते आणि नवशिक्याच्या साच्यात ती भरतच नाही.

धातू कुठला वापरायचा?

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, कथील २३२ ला. दोन्ही मिसळली की वितळण्याचा बिंदू दोघांच्याही खाली येतो. ६२ टक्के कथील आणि ३८ टक्के शिसं असं मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होतं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले वापरतात ती ६०-४० डाखेची कांडी जवळजवळ हेच मिश्रण आहे. जुन्या शिपायांत थोडं अँटिमनीही असायचं. त्यानं धातू कडक होतो, थंड होताना कमी आकसतो आणि नाकडोळे रेखीव येतात.

आमचं मत स्पष्ट आहे: घरी काम करत असाल तर शिसं नकोच. शिसं नसलेल्या डाखेची कांडी मिळते, तिच्यात ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांबं असतं आणि ती २२७ अंशांना वितळते. महाग पडते, पण कथील शिशापेक्षा हलकं असल्यानं तोच शिपाई वजनाला दोनतृतीयांशाच्या आसपास भरतो. म्हणजे किलोमागे नग जास्त निघतात. हा हिशेब न करताच लोक कथलाचा भाव ऐकून मागं फिरतात.

पण शिसं इतकं धोक्याचं आहे का? पूर्वी तर सगळे वापरायचे.

पूर्वी वापरायचे आणि पूर्वी आजारीही पडायचे. रक्तात शिशाची अमुक मात्रा चालते असं सांगता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. गरोदर बाईनं तर त्या खोलीत पाऊल टाकू नये.

लोक वाफेला घाबरतात, पण धातू उगाच लालबुंद तापवला नाही तर वाफ कमी असते. खरा घात कानशीच्या भुकटीनं होतो. शिपाई घासताना पडणारी बारीक पूड बोटांवर, टेबलावर, मग चहाच्या कपावर जाते. म्हणून शिशाचं काम करायचंच असेल तर ओलं करून घासा, झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा, काम चालू असताना तंबाखूची चिमूट तोंडात टाकू नका आणि उठल्यावर साबणानं हात धुवा. स्वयंपाकघरातली कढई, पळी, गॅसची शेगडी यातलं काहीही या कामाला लावायचं नाही. धातूचं भांडं एकदा या कामाला लागलं की ते कायमचं याच कामाचं.

जुन्या बॅटरीतलं शिसं फुकट मिळतंय. घेऊ का?

नको. त्यात आम्ल असतं, अँटिमनी आणि आर्सेनिकही असू शकतं आणि त्यातून निघणारे वायू विषारी असतात. टायरवाल्याकडची व्हील बॅलन्सिंगची वजनंही टाळा. हल्ली त्यांत जस्त असतं, आणि थोडं जरी जस्त मिसळलं तरी सगळा रस लापशीसारखा घट्ट होऊन साच्यात वाहायचा थांबतो.

आमची शिरोलीला फाउंड्री आहे. तिथंच ओतून घेतले तर?

हा कोल्हापूरचा खास प्रश्न. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथं इंजिनापासून पंपापर्यंतचं ओतकाम होतं, तर बोटभर शिपाई का नाही? कारण तिथला माल बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड चौदाशे अंशांच्या आसपास ओततात आणि साचा वाळूचा. वाळूचा कण कितीही बारीक घेतला तरी चाळीस मिलिमीटरच्या शिपायाच्या गालावर तो देवीच्या व्रणासारखा दिसतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तेही सिलिकॉनच्या साच्याला झेपत नाही.

फाउंड्रीतून धातू नका आणू, अक्कल आणा. रस कुठून शिरणार, हवा कुठून निघणार, आधी जाड भाग गोठणार की पातळ आणि त्यामुळे पोकळी कुठं पडणार, हे तिथला मोल्डर साचा नुसता बघून सांगतो. शिपायाच्या साच्याला सगळे तेच नियम लागतात. धातूच्या बारीक कामासाठी हुपरीच्या चांदी कारागिरांचा हातही बघण्यासारखा आहे.

साचा कसा बनवायचा?

आधी मूळ आकृती हवी. तांब्याच्या तारेचा सांगाडा करून त्यावर दोन भागांची इपॉक्सी पुट्टी चढवत जायचं. नळ दुरुस्तीची पुट्टी चालते, पण ती लवकर आवळते. चेहऱ्यासाठी सावकाश घट्ट होणारी घ्या. बंदूक अंगाला चिकटून ठेवा. समोर रोखलेली संगीन, लांबवलेला हात, उडणारा शेला असली हौस पहिल्या साच्यात करू नका. दोन भागांच्या साच्यातून सुटेल अशीच ठेवण हवी.

मग आकृती अर्धी मातीत बुडवायची. इथं गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याला गाठा. मूर्तीचे दोन भाग कुठं फुटले पाहिजेत, सांधा कानामागून न्यायचा की खांद्यावरून, हे त्याला विचार न करता कळतं. फक्त त्याचं रबर आपल्याला उपयोगाचं नाही. ते प्लॅस्टरसाठी असतं, वितळलेल्या धातूनं जळून जातं. आपल्याला धातू ओतण्यासाठीचं उष्णतारोधक सिलिकॉन लागतं. साधं सिलिकॉन दोनशे अंशांच्या आसपास दम तोडतं. धातूसाठीचं तीनशेच्या घरात तग धरतं. खरेदी करताना डब्यावरचा आकडा वाचा, दुकानदाराचं ‘चालतंय की’ ऐकू नका.

मातीबद्दल एक सूचना. मुलांच्या रंगीत मातीत कधी गंधक असतं आणि प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन गंधकाला लागलं की तिथं चिकटच राहतं, आवळतच नाही. शाडू वापरा किंवा गंधक नसलेली माती घ्या. मातीत चार कोपऱ्यांना खळगे पाडा, म्हणजे दोन्ही भाग परत जुळवताना हलत नाहीत. सिलिकॉन उंचावरून बारीक धारेनं, एका कोपऱ्यात ओता. फुगे आपोआप मरतात. पहिला भाग आवळला की माती काढा, आकृती तशीच ठेवा, आणि दुसरा भाग ओतण्याआधी पहिल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. व्हॅसलिन विसरलात तर सिलिकॉनला सिलिकॉन असं धरतं की साच्याची वीट होते.

साचा तयार झाल्यावर धारदार पात्यानं रस्ते कापायचे. शिपाई उलटा, डोकं खाली. रस पायाखालच्या चौथऱ्यातून आत जातो. टोपीची टोकं, कोपर, बंदुकीचं तोंड, जिथं जिथं हवा अडकेल तिथून केसासारखी बारीक नळी बाहेर काढा.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा चालेल का? स्वस्त पडतो.

चालेल, पण पुरता वाळलेला हवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात प्लॅस्टर वरून कोरडं दिसतं आणि पोटात ओल धरून बसतं. त्यात तापलेला धातू गेला की ओलीची वाफ होते आणि रस उसळून तोंडावर येतो. जून ते सप्टेंबर हा उद्योग नकोच. त्यातून निघणारे नगही मोजकेच, कारण प्लॅस्टर लवकर तडकतं.

एकच चपटा शिपाई हवा असेल तर काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेन, म्हणजे कटलफिश या समुद्री जिवाचं हाड, आणा. सोनारांची ही फार जुनी युक्ती. मऊ बाजूत आकृती दाबायची किंवा कोरायची, पाठीला सपाट फळी बांधायची आणि ओतायचं. साचा एकदाच वापरता येतो, पण मजा येते.

तयार साचे मिळतात का?

मिळतात. आयर्लंडची प्रिन्स ऑगस्ट ही कंपनी घरी ओतण्यासाठी रबरी साचे विकते. स्वीडिश शिल्पकार होल्गर एरिक्सन यांनी घडवलेले अठराव्या शतकातले चाळीस मिलिमीटरचे शिपाई त्यात आहेत. त्या आकृत्यांची ठेवण बघण्यासारखी आहे: तपशील थोडा, पण उभं राहण्याची ढब अचूक. साचे बाहेरून मागवायचे तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून चाला.

ओतलेला शिपाई अर्धाच का येतो?

बहुतेक वेळा साचा गार असतो. पहिले काही नग वाया जाणारच, ते साचा तापवण्यासाठीच आहेत असं समजा आणि परत भांड्यात टाका. त्यानंतरही डोकं किंवा बंदूक भरत नसेल तर हवा अडकतेय. नळी खोल करा. आतून शंखजिऱ्याची पूड ब्रशनं लावून फुंकून टाका; रस तिच्यावरून सरकतो. पूड जास्त झाली तर चेहरा बुजतो.

उलट पृष्ठभाग खरखरीत, साखर पेरल्यासारखा आला तर साचा किंवा रस जास्त तापलाय. थोडं थांबा. रसाचा अंदाज घ्यायला लाकडी काडी बुडवतात: ती तपकिरी पडली तर ठीक, पेटली तर फार गरम. काडी कोरडी हवी. या कामात पाण्याचा एक थेंबसुद्धा शत्रू आहे; थेंब रसाखाली गेला की क्षणात वाफ होऊन धातू छतापर्यंत उडतो. गॉगल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामडी हातमोजे आणि चामडी बूट. कोल्हापुरी पायताणसुद्धा चालणार नाही, कारण ते वरून उघडं असतं.

दोन भागांच्या सांध्यातून पापुद्रे येत असतील तर साचा दोन फळ्यांमध्ये धरून नीट आवळा. फार आवळला तर सिलिकॉन दबतं आणि शिपाई चपटा होतो. आणि घिसाडघाई नको. चौथऱ्यावरची चमक गेली, धातू मंद दिसू लागला की मगच साचा उघडा.

साफसफाई?

फाउंड्रीवाले फेटलिंग म्हणतात तेच. सोनारांची बारीक कानस, धारदार पातं, मग बारीक पॉलिश पेपर. शेवटी साबणाच्या पाण्यानं धुवा, नाहीतर शंखजिऱ्यावर रंग धरत नाही. व्हिनेगर शिशाच्या शिपायाला अजिबात लावू नका.

प्रायमर कुठला? पावसाळ्यात रंग पांढरट का होतो?

गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडचा करडा स्प्रे प्रायमर उत्तम. दोन अगदी हलके हात द्या. पांढरटपणा हवेतल्या ओलीमुळे येतो. स्प्रे उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि व्हार्निश दुधाळ होतं. श्रावणात स्प्रे नको, ब्रशनं लावा, किंवा ऊन पडलेल्या दुपारची वाट बघा. रंग ॲक्रिलिक घ्या, पाण्यात पातळ करून दोनतीन थर द्या. ब्रश लहान असण्यापेक्षा टोकदार असणं महत्त्वाचं. शून्य आणि एक नंबरमध्ये सगळं काम होतं.

युरोपातल्या कुठल्या फौजेचा कुठला रंग?

ढोबळ मानानं, १७५६ ते १७६३ च्या सप्तवार्षिक युद्धातलं पायदळ धरलं तर: प्रशियाचा कोट गडद निळा, ऑस्ट्रियाचा पांढरा, फ्रान्सचा करड्याकडे झुकणारा पांढरा, ब्रिटनचा लाल, रशियाचा हिरवा. पण एवढ्यावर थांबाल तर सगळी पलटण शाळेच्या गणवेशासारखी दिसेल. ओळख असते ती कॉलर, बाह्यांचे मोठे उलटे कफ आणि छातीच्या पट्ट्या यांच्या रंगात. तो रेजिमेंटगणिक बदलतो. फ्रान्सच्या नोकरीतल्या स्विस आणि आयरिश पलटणी लाल कोटात असायच्या, जर्मन पलटणी निळ्यात. रशियन शिपाई उन्हाळ्याच्या मोहिमेत हिरवा कोट उतरवून नुसत्या लाल बंडीत लढत, त्यामुळे लाल दिसला की इंग्रज असं समजू नका. तोफखान्याचे रंग पुन्हा निराळे: ऑस्ट्रियाचे गोलंदाज तपकिरी कोटात, ब्रिटिश निळ्यात.

लालाचेही दोन लाल आहेत. साध्या इंग्रज शिपायाचा कोट मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून रंगवलेला, विटकरीकडे जाणारा. अधिकाऱ्याचा किरमिजी किड्यापासून केलेला, झगझगीत. रांगेत हा फरक दाखवला की अधिकारी वेगळा उठून दिसतो. प्रशियाच्या निळ्याला थोडा काळा मिसळा. फिका निळा झाला की तो बव्हेरियाचा वाटतो. पांढरा कोट आधी फिका करडा रंगवा आणि फक्त उंचवट्यांवर पांढरा द्या. थेट पांढरा लावला तर घड्या मरतात.

क्रम आतून बाहेर. चेहरा, विजार, बंडी, कोट, पट्टे, टोपी आणि शेवटी बंदूक. केसांची मागं वेणी असायची आणि परेडला त्यावर पांढरी पूड. मोहिमेवरचा शिपाई रंगवताना पूड गाळली तरी चालतं.

आणि मराठा फौज? तिचा गणवेश मिळत नाही.

मिळणार नाही, कारण बहुतेक फौजेला तो नव्हता. आमच्या मते या छंदातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम हेच. प्रशियाची पलटण एक साचा आणि एक रंगपत्रक घेऊन होते. मराठा घोडदळ तसं करायला गेलात तर ते लग्नाच्या वरातीतलं घोडेस्वार-पथक वाटतं: सगळे भगवे, सगळे एकाच फेट्यात.

बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर, शिलेदार स्वतःच्या. घोडा स्वतःचा म्हणजे कपडाही स्वतःचा. अंगरखा, विजार, कमरेला शेला, डोक्याला पागोटं किंवा पगडी, पाठीवर ढाल, हातात भाला नाहीतर तलवार, क्वचित तोड्याची बंदूक. बहुतेक कापड कोरं, सुती, धुळीनं मळलेलं. रंग असेल तर त्या काळी मिळणाराच हवा: नीळ, मंजिष्ठ, आल, हळद, कुसुंबा. ट्यूबमधला झगझगीत नारिंगी या यादीत कुठेच बसत नाही. दहा स्वार करायचे असतील तर तीन धडं, चार डोकी, दोन घोडे वेगवेगळे ओता आणि उलटसुलट जोडा. मान तांब्याच्या तारेनं बसवली की डोकं हवं तिकडं वळतं.

शस्त्रांसाठी चित्रांवर विसंबू नका. न्यू पॅलेसमधल्या छत्रपती शहाजी संग्रहालयात तलवारी, भाले, बंदुका प्रत्यक्ष आहेत. मुठीची जाडी आणि भाल्याची लांबी डोळ्यांनी मोजून या. चित्रपटातली तलवार बहुधा रुंद आणि भाला तोकडा असतो.

कवायती फौज हवी असेल तर तीही आहे. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची पलटण होती, फ्रेंच पद्धतीनं शिकलेली. महादजी शिंद्यांसाठी द बॉइन या युरोपियन सेनानीनं १७८४ पासून पलटणी उभ्या केल्या आणि १७९० मध्ये राजस्थानातल्या पाटण आणि मेडत्याला त्या लढल्या. समोर ईस्ट इंडिया कंपनीचे देशी शिपाई ठेवायचे तर वरून लाल कोट, खाली आखूड जांघी आणि उघडे पाय, हे विसरू नका. त्यांना युरोपियन विजार घातली की सगळं बिघडतं. नवशिक्यानं वडगावचा प्रसंग घ्यावा. जानेवारी १७७९, घाटावर अडकलेली मुंबईकर इंग्रजांची लाल फौज आणि चारी बाजूंनी घिरट्या घालणारे स्वार. थोडे नग, भरपूर देखावा.

तोफांना बैल जुंपा. नमुना शोधायला लांब जायला नको, खिल्लार जोडी आपल्याकडे दिसते.

घोडा कसा करावा?

युरोपातल्या साच्यातला जाड मानेचा घोडा मराठा स्वाराखाली शोभत नाही. भीमथडीचं जनावर अंगानं लहान, सडपातळ, काटक. ओतताना घोड्याचे पाय रसानं भरणं हीच परीक्षा. चारही खुरांपासून हवेच्या नळ्या काढा. सगळे घोडे काळे करू नका. बोर, कुमैत आणि एखादाच पांढरा ठेवा.

चमकदार व्हार्निश की मंद?

जुन्या खेळण्याचा तोरा हवा असेल तर चमकदार, गालावर गुलाबी ठिपका, डोळ्याला एक काळा टिपका. इतिहास मांडायचा असेल तर मंद. दोन्ही एका फळीवर मिसळू नका, एवढंच.

दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवता येतील का?

शिसं नसलेले ठेवा. शिशाचा एकही नको. पोरं मातीच्या हातानंच फराळाला येतात. आणि किल्ला शिवकालाचा असेल तर त्यावर गारदी चढवू नका, गल्लीतलं एखादं पोरगं नक्की हटकतं.

जुन्या शिपायांवर पांढरी भुकटी आलीय. बुरशी आहे का?

नाही, शिसं सडतंय. काही लाकडं, प्लायवूड आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ निघते आणि बंद कपाटात शिशाचं पांढरं कार्बोनेट होत जातं. ती भुकटी विषारी आहे, फुंकू नका. शिपाई वेगळा काढा, ओलसर कापडानं पुसा, पूर्ण कोरडा करा आणि हवा खेळती राहील अशा काचेच्या किंवा पत्र्याच्या कपाटात ठेवा. कथलालाही थंडीचा एक रोग होतो, पण तो तेरा अंशांखाली दीर्घकाळ राहिल्यावर, आणि धातूत थोडं अँटिमनी असेल तर बहुधा होतच नाही. कोल्हापूरच्या थंडीत त्याची काळजी नको. भुकटी आत खोल गेली असेल आणि पाय मोडायला लागले असतील तर रंग वाचत नाही. तरीही तो परत वितळवायला टाकू नका. डबीत बंद करून तसाच ठेवा.